प्रोसेस, शेड्यूलिंग आणि रिअल-टाइम कामं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावात सेवा केंद्र चालवणारे, जिनिंगच्या किंवा धान खरेदीच्या काट्यावरचा संगणक सांभाळणारे आणि वावरातल्या मोटरपंपासाठी स्वतः कंट्रोलर बनवणारे आयटीआय-पॉलिटेक्निकचे विद्यार्थी, अशा तिघांसाठी हे पान आहे. त्यांचे प्रश्न वरवर वेगळे दिसतात. मुळाशी मात्र बहुतेक वेळा एकच गैरसमज असतो: मशीन वेगवान आहे, म्हणजे ते वेळही पाळणार. तसं नसतं. वेग सरासरीवर मोजतात. वेळ पाळणं मोजायचं तर सगळ्यात वाईट क्षण बघावा लागतो.

आज्ञा आणि फंक्शनांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना मूळ इंग्रजी स्पेलिंग वापरा.

प्रोग्राम आणि प्रोसेस यांत फरक काय?

डिस्कवर पडून असलेली फाइल म्हणजे प्रोग्राम. ती चालू केली की ऑपरेटिंग सिस्टीम तिला वेगळी मेमरी देते, एक क्रमांक म्हणजे पीआयडी देते आणि तिने उघडलेल्या फाइलींची नोंद ठेवते. हे सगळं मिळून प्रोसेस झाली. क्रोम एकदाच उघडला तरी टास्क मॅनेजरमध्ये त्याच्या दहा-पंधरा ओळी दिसतात, कारण तो बहुतेक टॅब आणि एक्स्टेन्शन वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवतो. एक टॅब कोसळला तरी बाकीचे शाबूत राहावेत, हा हेतू. त्याची किंमत मेमरीत मोजावी लागते.

थ्रेड हे एकाच प्रोसेसच्या पोटातले कामकरी. त्यांची मेमरी सामाईक असते, म्हणून आपसातला व्यवहार स्वस्त पडतो. पण एका थ्रेडने मेमरीत घाण केली तर अख्खी प्रोसेस आडवी होते.

सेवा केंद्रातला ४ जीबी रॅमचा संगणक सातबारा काढतानाच अटकतो. प्रोसेसर बदलावा का?

आधी टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्स टॅबवर तीन आकडे बघा: सीपीयू, मेमरी, डिस्क. अशा मशीनवर बहुतेकदा सीपीयू ३०-४० टक्क्यांवर, मेमरी ९० च्या वर आणि डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली दिसते. म्हणजे प्रोसेसर रिकामाच आहे. रॅम पुरत नाही म्हणून विंडोज मेमरीची पानं डिस्कवर टाकतं आणि लागली की परत आणतं. रॅममधून एक पान मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून तेच आणायला १० मिलिसेकंद, म्हणजे लाखपट वेळ. तेवढा वेळ ती प्रोसेस झोपलेली असते, आणि झोपलेल्या प्रोसेसला शेड्यूलर, म्हणजे सीपीयूची पाळी वाटणारा सिस्टीमचा भाग, पाळी देऊन देऊन काय देणार?

उपाय खर्चाच्या क्रमाने: टॅब आणि एक्स्टेन्शन कमी करा, स्टार्टअपमधल्या नको त्या नोंदी बंद करा, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाका, रॅम ८ जीबी करा. प्रोसेसर शेवटी, आणि बहुधा तिथवर जायची वेळच येत नाही.

प्रिंट अडकली की संगणकच बंद-चालू करावा लागतो. दुसरा मार्ग नाही का?

आहे. ‘प्रिंट’ दाबल्यावर तुमचा प्रोग्राम थेट प्रिंटरशी बोलत नाही. तो काम स्पूलर नावाच्या सर्व्हिसकडे देऊन मोकळा होतो. एक काम बिघडलं की त्याच्या मागची सगळी रांग थांबते. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, ‘नेट स्टॉप स्पूलर’ द्या, सी ड्राइव्हमधल्या विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या क्रमाने फोल्डरमध्ये जाऊन आतल्या फाइली पुसा (फोल्डर पुसू नका) आणि ‘नेट स्टार्ट स्पूलर’ द्या. रांगेतली सगळी कामं जातात, म्हणून उरलेल्या प्रिंट पुन्हा द्याव्या लागतील.

अंगठा घेणारं यंत्र मधेच ओळखू येईनासं झालं तर तिथेही हेच करून बघा. त्याची आरडी (रजिस्टर्ड डिव्हाइस) सर्व्हिस हीसुद्धा मागे चालणारी एक प्रोसेसच आहे. सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन तेवढी रीस्टार्ट करा.

टास्क मॅनेजरमध्ये प्रायॉरिटी ‘रिअलटाइम’ केली तर काम लवकर होईल?

करू नका. विंडोजमध्ये ० ते ३१ अशा ३२ पायऱ्या असतात आणि १६ पासून वरच्या रिअल-टाइम गटातल्या. सतत सीपीयू खाणारा प्रोग्राम तिथे नेऊन बसवला की माऊस, कीबोर्ड आणि डिस्क सांभाळणारी कामंच मागे पडतात आणि स्क्रीन गोठते. ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार नसले तर विंडोज गुपचूप ‘हाय’ करून ठेवतं, ते बरंच आहे. शिवाय जो प्रोग्राम डिस्कची किंवा नेटची वाट बघत बसला आहे त्याची प्रायॉरिटी वाढवून काहीच हाती लागत नाही.

लिनक्स कोणाला किती वेळ द्यायचा हे कसं ठरवतं?

सामाईक विहिरीवरची पाळी डोळ्यांसमोर आणा. चार भावांचं ओलीत एकाच विहिरीवर असेल तर कोणाचं पाणी किती झालं आणि कोणाचं किती बाकी आहे, याचा हिशोब ठेवावा लागतो. लिनक्सचा शेड्यूलर हाच हिशोब नॅनोसेकंदांत ठेवतो. २००७ साली २.६.२३ या आवृत्तीत इंगो मोल्नार यांनी लिहिलेला सीएफएस आला. ज्याने आतापर्यंत सगळ्यात कमी वेळ घेतला त्याला पुढे काढायचं, हे त्याचं सूत्र. २०२३ च्या ६.६ आवृत्तीपासून त्या जागी ईईव्हीडीएफ आहे. तो दोन गोष्टी बघतो: कोणाचं येणं बाकी आहे, आणि येणं बाकी असलेल्यांपैकी कोणाची हिशोबी मुदत आधी संपते. ज्याला थोडाच वेळ पण लवकर हवा असतो, त्याची सोय यात आधीपेक्षा बरी होते.

ही मुदत हिशोबापुरती आहे, हे मात्र ध्यानात असू द्या. ‘२० मिलिसेकंदांच्या आत तुझं काम करूनच देतो’ असं वचन त्यात नाही.

‘नाइस’ची किंमत बदलल्याने नेमका किती फरक पडतो?

‘नाइस’ म्हणजे लिनक्समध्ये प्रोग्रामचा सीपीयूतला वाटा कमी-जास्त करणारा आकडा. किंमत -२० ते १९ असते आणि आकडा जितका मोठा तितका प्रोग्राम भिडस्त. नाइस ० चं वजन १०२४ आहे आणि एका पायरीला ते साधारण सव्वापटीने बदलतं. नाइस ५ चं वजन ३३५ आणि १९ चं फक्त १५. एकाच कोअरवर ० आणि ५ असे दोन भुकेले प्रोग्राम असतील तर वाटणी सुमारे ७५ आणि २५ टक्के होते. ० आणि १९ असतील तर दुसऱ्याला दीड टक्काही मिळत नाही. दिवसा बॅकअप घ्यायचा तर ‘नाइस -एन १९’ लावून घ्या, काउंटरवरचं काम अडणार नाही.

दोन ठिकाणी फसगत होते. सीपीयू मोकळाच असेल तर नाइस १९ चा प्रोग्रामही पूर्ण वेगाने धावतो, आणि यात चूक काही नाही. दुसरं असं की डेस्कटॉप लिनक्सवर ऑटोग्रुप चालू असेल तर प्रत्येक टर्मिनलचा वेगळा गट बनतो आणि नाइसची तुलना त्या गटाच्या आतच होते. एका टर्मिनलमधल्या कामाला १९ दिलं आणि दुसऱ्यातल्याला फरकच पडला नाही, तर कारण हे असतं.

‘किल -९’ देऊनही प्रोसेस मरत नाही. का?

‘टॉप’ किंवा ‘पीएस’मध्ये तिच्यासमोरचं अवस्थेचं अक्षर बघा.

डी असेल तर ती कर्नेलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, आत डिस्कच्या किंवा पेन ड्राइव्हच्या उत्तराची वाट बघते आहे आणि मधून उठवता येत नाही. खराब पेन ड्राइव्ह काढा किंवा केबल तपासा. उत्तर आलं, नाहीतर चूक तरी परत आली, की ती आपोआप सुटते. लिनक्सचा लोड ॲव्हरेज अशा प्रोसेसही मोजतो. म्हणून कधीकधी लोड ८ दिसतो आणि सीपीयू मात्र रिकामा असतो.

झेड असेल तर ती झोंबी आहे, म्हणजे आधीच मेलेली. मेलेल्याला पुन्हा काय मारणार? तिची फक्त नोंद उरली आहे, कारण तिला जन्म देणाऱ्या प्रोसेसने ‘वेट’ करून निकाल वाचलेला नाही. एखाद-दुसरी झोंबी असेल तर दुर्लक्ष करा. रास वाढत असेल तर पालक प्रोसेसमध्ये चूक आहे. समजा सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम दर मिनिटाला एसएमएस पाठवायला ‘फोर्क’ करतो, म्हणजे नवी प्रोसेस जन्माला घालतो, आणि ‘वेट’ विसरतो. दिवसाला १,४४० झोंबी झाल्या. ३२-बिट लिनक्सवर पीआयडीची कमाल मर्यादा ३२,७६८ आहे, म्हणजे साडेबावीस दिवसांत एकही क्रमांक शिल्लक राहत नाही. त्यानंतर नवी प्रोसेस सुरूच होत नाही, लॉगिनसुद्धा. प्रोसेसची वापरकर्त्यापुरती मर्यादा कमी असेल तर हे त्याआधीच घडतं. पालकाला मारलं की झोंबी पीआयडी १ कडे दत्तक जातात आणि तिथे साफ होतात.

साध्या, नीट चालणाऱ्या प्रोसेसला थेट -९ देऊ नका. आधी नुसतं ‘किल’ द्या, म्हणजे तिला फाइल बंद करायला सवड मिळते. पाच-दहा सेकंद थांबा. तरीही राहिली तर -९.

वजनकाट्याचा आकडा स्क्रीनवर उशिरा बदलतो. गाडी काट्यावरून उतरली तरी जुनंच वजन दिसतं.

काटा बहुधा सेकंदाला दहा वेळा वजनाची ओळ पाठवत असतो आणि प्रोग्राम अर्ध्या सेकंदाला एकच ओळ वाचत असतो. उरलेल्या ओळी सिरियल पोर्टच्या बफरमध्ये साचतात. बफर ४,०९६ बाइटचा आणि ओळ १२ बाइटची धरली तर त्यात ३४१ ओळी मावतात, म्हणजे सेकंदाला दोनच ओळी वाचल्या तर समोर दिसणारं वजन १७० सेकंदांपर्यंत जुनं असू शकतं. पोर्टचा वेग ९६०० वरून वाढवून हे सुटत नाही. वाचनासाठी वेगळा थ्रेड ठेवा, येईल ती ओळ लगेच वाचा आणि फक्त शेवटची पूर्ण ओळ जवळ ठेवा. ‘वजन घ्या’ बटणाच्या कोडमध्ये पोर्ट वाचत बसलात तर खिडकी गोठते आणि हाच दोष पुन्हा अवतरतो.

रिअल-टाइम म्हणजे खूप वेगवान?

नव्हे. ठरलेल्या मुदतीत उत्तर येणारच, याची खात्री म्हणजे रिअल-टाइम. मुदत एक मिलिसेकंदाची असो की एका मिनिटाची. सॉफ्ट रिअल-टाइममध्ये मुदत चुकली तर नुकसान थोडं असतं, जसं व्हिडिओ कॉलमध्ये आवाज तुटणं. हार्डमध्ये मुदत चुकली म्हणजे कामच फसलं.

मोटरपंपाचं बोलायचं तर फेज गेल्यावर मोटर तोडणं हे हार्ड. एसएमएसने ‘मोटर चालू झाली’ कळवणं हे दोन सेकंद उशिरा झालं तरी कोणाचं बिघडत नाही. ही विभागणी कोड लिहायच्या आधी कागदावर करा. आणि सिंगल फेजिंग, ओव्हरलोड ही संरक्षणं सॉफ्टवेअरच्या भरवशावर टाकूच नका. ओव्हरलोड रिले आणि फेज प्रिव्हेंटर पॅनेलमध्ये राहू द्या. कंट्रोलर त्यांच्यावरची दुसरी फळी. तीन फेजची ४१५ व्होल्टची बाजू वायरमनकडूनच जोडून घ्या.

रास्पबेरी पायवर (तळहाताएवढा लिनक्स संगणक) पायथन लिहून ठिबकच्या फ्लो मीटरच्या पल्स मोजल्या. आकडा निम्म्याहून कमी येतो. मीटर खराब आहे का?

बहुतेक नाही. वायएफ-एस२०१ सारखा अर्ध्या इंचाचा मीटर लिटरला सुमारे ४५० पल्स देतो. मिनिटाला ३० लिटर वाहत असेल तर सेकंदाला २२५ पल्स, म्हणजे दर ४.४ मिलिसेकंदाला एक. तुमचं लूप १० मिलिसेकंद झोपून पिन बघत असेल तर सेकंदाला जेमतेम १०० वेळा बघतं, आणि तेवढ्या बघण्यात ५० च्या वर पल्स ओळखू येणं शक्यच नाही. झोप १ मिलिसेकंद केली तर बरं चालतं, पण तेवढ्यात मशीनवर दुसरं काही सुरू झालं की १ चे १५ कधी होतात कळत नाही. साध्या शेड्यूलरने तुम्हाला तसं वचन दिलेलंच नाही.

मोजणी हार्डवेअरवर सोपवा. इएसपी३२ या छोट्या कंट्रोलर चिपमध्ये पल्स मोजणारा वेगळा भाग आहे, पीसीएनटी. तो प्रोसेसरला न विचारता मोजतो, तुम्ही सेकंदाला एकदा आकडा वाचायचा. सी३ या स्वस्त प्रकारात तो नाही, खरेदी करताना बघून घ्या. तिथे इंटरप्ट (पिन बदलताच चालू काम थांबवून धावणारं छोटं फंक्शन) वापरा आणि इंटरप्टमध्ये फक्त एक आकडा वाढवा. छापणं, हिशोब, एसएमएस काहीही तिथे नको. मीटर ५ व्होल्टवर चालत असेल तर त्याचा सिग्नल ३.३ व्होल्टच्या पिनला थेट देऊ नका. दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवा.

लिनक्सवर रिअल-टाइम होतच नाही का मग?

बऱ्यापैकी होतं. लिनक्समध्ये नेहमीच्या वाटणीच्या वर तीन धोरणं आहेत. फिफोमध्ये काम स्वतःहून थांबेपर्यंत किंवा वरच्या प्रायॉरिटीचं काम येईपर्यंत चालत राहतं. आरआर तसंच, फक्त समान प्रायॉरिटीच्या कामांत १०० मिलिसेकंदांची पाळी लावतं. तिसरं डेडलाइन, २०१४ च्या ३.१४ आवृत्तीपासून, त्यात ‘दर इतक्या वेळात मला इतका वेळ लागतो आणि मुदत ही’ असं सांगायचं, आणि हिशोबात बसत नसेल तर कर्नेल नकार देतं. अनेक वर्षं कर्नेलबाहेर पॅच म्हणून वाढलेला प्रीएम्प्ट-आरटी २०२४ च्या ६.१२ आवृत्तीत मुख्य कर्नेलमध्ये आला. त्यामुळे कर्नेलच्या आतलं बहुतेक कामही मधे थांबवता येतं.

वापरायची रीत अशी. प्रोग्रामला ‘सीएचआरटी -एफ ४०’ने फिफो द्या. प्रीएम्प्ट-आरटीमध्ये इंटरप्टचे थ्रेड ५० वर चालतात, म्हणून त्याच्या वर जायचं की खाली हे समजून ठरवा; भीतीपोटी सगळ्यांना ९९ देणं म्हणजे कोणालाच न देणं. सुरुवातीलाच ‘एमलॉकऑल’ करून प्रोग्रामची मेमरी रॅममध्येच अडकवा, नाहीतर ऐन वेळी मेमरीचं पान डिस्कवरून आणावं लागेल. ठरलेल्या लूपमध्ये मेमरी मागू नका, फाइल लिहू नका. चार कोअर असतील तर एक ‘आयसोलसीपीयूएस’ने राखून ठेवा आणि ‘टास्कसेट’ने आपलं काम तिथे बसवा.

फिफोमधलं लूप झोपायचंच विसरलं तर मशीन हातचं जाऊ नये म्हणून नेहमीच्या रचनेत रिअल-टाइम कामांना सेकंदातले ९५० मिलिसेकंदच मिळतात. उरलेल्या ५० मध्ये तुम्हाला लॉगिन करून ते मारता येतं, चिकाटी असेल तर.

तीन कामं एका कोअरवर वेळेत बसतील की नाही, आधीच कळतं का?

कळतं, आणि हिशोब कागदावर होतो. लिऊ आणि लेलँड यांनी १९७३ मध्ये दाखवलं की ज्याचा फेरा (काम पुन्हा येण्यातलं अंतर) लहान त्याला प्रायॉरिटी जास्त, असं ठेवलं आणि प्रत्येक कामाचा ‘लागणारा वेळ भागिले फेरा’ यांची बेरीज एका मर्यादेच्या आत असली, तर कोणाचीही मुदत चुकत नाही. दोन कामांसाठी ही मर्यादा ०.८२८, तिनांसाठी ०.७८०, आणि कामं वाढत गेली की ०.६९३ कडे उतरते.

पंप कंट्रोलर घ्या. करंट-व्होल्टेज वाचणं दर २० मिलिसेकंदांनी, कारण ५० हर्ट्झचा एक फेरा तेवढाच. त्याला लागतात ४. ड्राय रनचा (पाण्याविना मोटर चालते का याचा) निर्णय दर १०० ला, लागतात १५. जीएसएम मोडेमशी बोलणं दर १००० ला, लागतात २५०. बेरीज ०.२० अधिक ०.१५ अधिक ०.२५, म्हणजे ०.६०. निर्धास्त राहा.

आता कोणी करंटच्या हिशोबात ‘डबल’ वापरलं. इएसपी३२ चं गणित-यंत्र ‘फ्लोट’पुरतंच आहे, ‘डबल’ सॉफ्टवेअरने होतं. समजा ४ चे १० मिलिसेकंद झाले. बेरीज ०.९० वर गेली, मर्यादा ओलांडली. मर्यादा ओलांडली म्हणजे नापास असं नाही, आता बारीक हिशोब करायचा एवढंच. मोडेमच्या कामाला स्वतःचे २५०, शिवाय तेवढ्या वेळात वरची दोन कामं जितक्यांदा आडवी येतील तितका वेळ. २५० पासून सुरू करून उत्तर पुन्हा पुन्हा त्याच सूत्रात घालत गेलं की ते ७४० वर थांबतं: २५० अधिक ३७ वेळा १० अधिक ८ वेळा १५. मुदत १००० ची, म्हणजे बसलं. पण हातात उरले २६०, आणि रेंज नसताना मोडेम किती वेळ खातं ते वावरात उभं राहून मोजलं नसेल तर या उरलेल्यावर विसंबू नका.

फ्रीआरटीओएसमध्ये नेहमी कुठे चुकतं?

फ्रीआरटीओएस ही इएसपी३२ सारख्या चिपवर चालणारी छोटी रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम. तिथे सगळ्यात जास्त चुकतं ते ‘व्हीटास्कडिले’मध्ये, म्हणजे टास्कला ठरावीक वेळ झोपवणाऱ्या फंक्शनमध्ये. ४ मिलिसेकंदांचं काम करून २० चा डिले दिला तर फेरा २४ चा होतो. तासाला १,८०,००० नोंदी हव्यात, येतात १,५०,०००. ‘व्हीटास्कडिलेअंटिल’ वापरा, तो मागच्या ठरलेल्या क्षणापासून मोजतो.

टिकचा, म्हणजे वेळ मोजायच्या ठोक्याचा, दर तपासा. इएसपी-आयडीएफमध्ये (इएसपी३२ बनवणाऱ्या कंपनीची जुळणी) तो मुळात १०० हर्ट्झ असतो, म्हणजे एक टिक १० मिलिसेकंदांची. तिथे ५ मिलिसेकंदांचा डिले मागितला तर पूर्णांकात तो ० होतो, टास्क झोपतच नाही, आयडल टास्कला पाळी मिळत नाही, आणि ५ सेकंदांनी टास्क वॉचडॉगची (अडकलेलं काम पकडणाऱ्या पहारेकऱ्याची) तक्रार सुरू होते. आर्डुइनोच्या जुळणीत टिक १००० हर्ट्झची असते. म्हणून तोच कोड एकीकडे चालतो आणि दुसरीकडे नाही.

प्रायॉरिटीचा आकडा इथे मोठा तितकी वरची. स्टॅकचा आकार इएसपी-आयडीएफमध्ये बाइटमध्ये सांगायचा, मूळ फ्रीआरटीओएसमध्ये वर्डमध्ये. दुसरीकडचा कोड उचलताना चौपट फरक पडतो. स्टॅक किती उरला ते ‘हाय वॉटर मार्क’च्या फंक्शनने बघा, अंदाजाने नको. इंटरप्टमधून बोलावताना ‘फ्रॉमआयएसआर’ने संपणारीच फंक्शनं.

वरच्या प्रायॉरिटीचं काम खालच्यामुळे अडकलं, असं कसं होऊ शकतं?

होतं, त्याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात. नोंदी लिहिणारं खालचं काम एसडी कार्डचं कुलूप, म्हणजे म्युटेक्स, घेऊन बसलं आहे. मोटर बंद करणाऱ्या वरच्या कामाला तेच कुलूप हवं आहे, ते थांबलं. तेवढ्यात मधल्या प्रायॉरिटीचं मोडेमचं काम जागं झालं आणि त्याने खालच्याला बाजूला सारलं. आता कुलूप सुटत नाही आणि सगळ्यात महत्त्वाचं काम मोडेमसाठी ताटकळत बसलं आहे.

४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानात नेमकं हेच झालं. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या खालच्या टास्ककडे म्युटेक्स होता, बस सांभाळणारी वरची टास्क त्यासाठी थांबली, मधल्या टास्क चालत राहिल्या. वॉचडॉगने संगणक पुन्हा पुन्हा रीसेट केला. व्हीएक्सवर्क्समध्ये त्या म्युटेक्ससाठी प्रायॉरिटी इनहेरिटन्स बंद होतं. पृथ्वीवरून ते चालू केल्यावर प्रश्न मिटला. म्हणजे ज्याच्याकडे कुलूप आहे त्याला, वाट बघणाऱ्याची प्रायॉरिटी तेवढ्यापुरती उसनी द्यायची.

फ्रीआरटीओएसच्या म्युटेक्समध्ये ही सोय आहे, बायनरी सेमाफोरमध्ये नाही. कुलपासाठी सेमाफोर वापरू नका. आणि मोटर बंद करायच्या वाटेवर एसडी कार्ड येतंच कशाला, हेही विचारा.

लाइन गेली-आली की कंट्रोलर वेड्यासारखा वागतो. काय काय बघावं?

रिलेची पिन आधी. बूट होताना पिन कोणत्याही अवस्थेत नसते, तेवढ्यात रिले फडफडतो. १० किलोओहमचा पुल-डाउन रेझिस्टर लावा (रिले बोर्ड लो सिग्नलवर चालणारा असेल तर पुल-अप). इएसपी३२ च्या काही पिन बूटच्या वेळी स्वतःच सिग्नल देतात, त्या रिलेला देऊ नका. लाइन आल्याबरोबर मोटर चालू करू नका. एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठल्या तर व्होल्टेज पडतं, म्हणून ३० ते १८० सेकंदांतला कोणताही यादृच्छिक काळ थांबा.

रास्पबेरी पायवर असाल तर प्रोग्राम सिस्टमडीची (लिनक्समध्ये सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्राम) सर्व्हिस म्हणून चालवा, ‘रीस्टार्ट’ला ‘ऑलवेज’ आणि पाच सेकंदांचं अंतर द्या. फाइलमध्ये लिहिलेलं लगेच कार्डावर जात नाही, नेहमीच्या रचनेत ते ३० सेकंदांपर्यंत रॅममध्ये राहू शकतं. जपायची नोंद असेल तर तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, ‘एफसिंक’ करून ती कार्डावर उतरवा, मग नाव बदलून जुनीच्या जागी ठेवा. अर्धवट फाइल कधीच दिसणार नाही.

वॉचडॉग लावला, तरी कंट्रोलर अडकून पडतो. असं का?

ठरलेल्या वेळात ‘मी जिवंत आहे’ असं थोपटलं नाही तर वॉचडॉग रीसेट करतो. बहुधा त्याला टायमर इंटरप्टमधून थोपटलं जातं. मुख्य लूप मेलं तरी इंटरप्ट चालूच राहतो आणि वॉचडॉगला सगळं आलबेल वाटतं. प्रत्येक टास्कने आपल्या फेऱ्यात एक खूण करावी. सगळ्या खुणा जमल्या तरच वॉचडॉगला थोपटावं आणि खुणा पुसाव्यात. रास्पबेरी पायच्या हार्डवेअर वॉचडॉगची मुदत १५ सेकंदांच्या आसपासच जाते, जुन्या कर्नेलवर सिस्टमडीमध्ये ६० सेकंद लिहून उपयोग नाही.

हिवाळ्यात नीट चालणारा रास्पबेरी पाय मे महिन्यात मुदती चुकवतो.

पत्र्याच्या पेटीत, स्टार्टरच्या शेजारी, बाहेर ४५ अंश. चिप ८० अंशांना पोचली की पाय स्वतःचा वेग उतरवायला लागतो, आणि १० मिलिसेकंदांचं काम १५ वर जातं. ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ चालवा. उत्तर शून्य नसेल तर उष्णता तरी नडली आहे किंवा व्होल्टेज तरी ४.६३ च्या खाली गेलं आहे. पेटी सावलीत आणि उत्तरेच्या बाजूला घ्या, हीटसिंक लावा. कामाला लागणारा सगळ्यात जास्त वेळ मोजायचा तर मे महिन्यात दुपारी तीनला मोजा. ‘सायक्लिकटेस्ट’ (उठायला किती उशीर होतो ते मोजणारा प्रोग्राम) रात्रभर चालवून आलेला सुंदर आकडा इथे कामाचा नाही.

सोलर आणि बॅटरी लावल्यावर दीड-पावणेदोन महिन्यांनी मोटर आपोआप बंद-चालू व्हायला लागली. आधी कधी होत नव्हतं.

आधी लाइन रोज जायची आणि कंट्रोलर रोज नव्याने सुरू व्हायचा, म्हणून दोष झाकला गेला होता. आर्डुइनोचं ‘मिलिस’, म्हणजे सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारं फंक्शन, ३२-बिट आहे आणि ४९.७ दिवसांनी शून्यावर येतं. ‘मायक्रोस’ तर ७१.६ मिनिटांनीच. कोडमध्ये ‘आताची वेळ, पुढच्या ठरलेल्या वेळेपेक्षा मोठी आहे का’ असं विचारलं असेल तर शून्य ओलांडताना उत्तर चुकतं. ‘आताची वजा मागची, ठरलेल्या अंतराएवढी झाली का’ असं विचारा, आणि दोन्ही चल अनसाइन्ड लाँगच ठेवा. वजाबाकी शून्य ओलांडूनही बरोबर येते.

तपासायला ५० दिवस थांबायला नको. ‘मिलिस’ला थेट न बोलावता स्वतःचं एक छोटं फंक्शन लिहा, जे त्यात ४२९४९०७२९६ मिळवून परत देतं. सुरू केल्यापासून बरोबर ६० सेकंदांनी काउंटर शून्य ओलांडेल. मोटरच्या जागी बल्ब लावून ठेवा आणि पाच मिनिटं बघा.